घाटात एवढा पाऊस, तरी उन्हाळ्यात टँकर का?

डोंगरवेडा_बोरिवली: महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस पडतो, तरी घाटातल्या वाड्यांवर एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन वणवण फिरतात, हे पाणी जातं कुठे राव?

काळाकातळ: बेसाल्ट आहे तो, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थरावर थर थिजलेला, सलग कातळात पाणी मुरतच नाही, भेगांत नि सच्छिद्र थरांत जे साठतं ते खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्यातून झरा होऊन निघून जातं.

मुलुंडची_मंजू: म्हणून तर कान्हेरीला लेण्यांशेजारी कातळातच टाकी खोदलीयेत. आता रस्त्यासाठी डोंगर कापतात, झऱ्याची वाटच तुटते.

डोंगरवेडा_बोरिवली: गावी आमची बोअर कोरडी, शेजाऱ्याची फुल्ल, तेही यामुळेच?

काळाकातळ: हो, त्यांना भेग लागली.