मदत हवी आहे: वाशिष्ठीच्या खाडीतले झूप्लँक्टन, खारेपणा की भरती-ओहोटी?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एमएस्सी करतेय आणि प्रोजेक्ट दाभोळच्या खाडीतल्या, म्हणजे वाशिष्ठी नदीच्याच खाडीतल्या झूप्लँक्टनवर (पाण्याबरोबर वाहणारे बारीक प्राणी) आहे, मुखापासून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत. इथे पुण्यात सगळ्यांचा हात गोड्या पाण्यावर बसलेला, खडकवासला म्हणा उजनी म्हणा, डाफ्निया आणि रोटिफर लगेच ओळखतात, पण खाडीचं नक्की कोणाला विचारायचं ते कळेना म्हणून इथे लिहितेय.

पावसाळ्यात वरच्या टप्प्यात पाणी जवळपास गोडं होतं, मग मोइना, ब्रॅकिओनस वगैरे गोड्या पाण्यातले जीव खालपर्यंत येतात आणि सॅजिटा, ल्युसिफर असले समुद्रातले जीव मुखाशीच राहतात. पाऊस संपला की खारं पाणी वर सरकतं आणि त्याच्यामागून कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव). इथपर्यंत समजतं.

घोळ पुढे आहे. एकच स्टेशन, एकच महिना, तरी दोन सॅम्पलचे आकडे अजिबात जुळत नाहीत, कारण एक भरतीचं आहे एक ओहोटीचं, एक उधाणाचं (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) एक भांगाचं (अष्टमीच्या आसपासची लहान भरती), होडी मिळेल तेव्हाच जाता येतं ना. त्यात कोयना धरणाचं पाणी! वीज तयार करून झाली की ते वाशिष्ठीत येतं, तेही विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त, म्हणजे भर उन्हाळ्यातही वरून गोडं पाणी चालूच. गाइड म्हणतात महिन्याची सरासरी काढ आणि सॅलिनिटीशी, म्हणजे खारेपणाशी, कोरिलेशन लाव, पण मला ते मनापासून पटत नाहीये, जे शोधायचंय तेच सरासरीत बुडून जाईल असं वाटतं. जाळी २०० मायक्रॉनची आहे, जाळीतून किती पाणी गेलं ते मोजणारा फ्लोमीटर लावलाय, आकडे दर घनमीटरचे आहेत. भरती-ओहोटीचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

खारफुटी: तुमची शंका बरोबर आहे, सरासरी काढू नका. खाडीत प्लँक्टन जागेला बांधलेलं नसतं, पाण्याबरोबर वरखाली होतं, त्यामुळे स्टेशनच्या नावापेक्षा त्या क्षणाची सॅलिनिटी धरून सॅम्पल लावून बघा, चित्र बरंच साफ होईल. मॉडेलमध्ये सॅलिनिटी, भरतीची वेळ आणि दिवस-रात्र वेगवेगळे घाला, स्टेशन मॉडेलमध्ये रँडम इफेक्ट म्हणून ठेवा. आणि शक्य असेल तर एकाच जागी होडी नांगरून चोवीस तास दर दोन-तीन तासांनी सॅम्पल घ्या, एकदा उधाणाला एकदा भांगाला. रात्री बरेच कोपेपॉड वर येतात, तेही त्यात पकडलं जाईल. तळाची सॅलिनिटी पण मोजा हं, वर गोडं आणि खाली खारं असे दोन थर असू शकतात, मग नुसत्या वरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तापमानाच्या फार मागे लागू नका, कोकणात ते थंड देशांइतकं हलत नाही. गढूळपणा आणि क्लोरोफिल (पाण्यातल्या बारीक वनस्पतींचं हरितद्रव्य) मात्र सोडू नका, झूप्लँक्टनला खायला किती आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

मुठाकाठची: खूप खूप आभार, हे गाइडना दाखवते. येत्या अमावास्येला रात्रभर होडी घेऊन थांबायला गावचे काका तयार आहेत. तळाचं सॅम्पल वेगळं घेण्यासाठी ठरावीक खोलीवर बंद करता येणारी जाळी लागेल, ती पुण्यात कोणाकडे काही दिवसांसाठी मिळेल का?