अमेरिकन अंबर एल चाखताना नक्की काय बघायचं?

फेसाळ: मित्रांनो, मी गेले काही दिवस अमेरिकन अंबर एल ही तांबूस बिअर नीट चाखून नोंदी ठेवतोय. कालची बाटली तांबूस, फेस मस्त टिकला, चव टॉफीसारखी गोड, पण शेवटी जिभेवर गोडवा चिकटून राहिला. हा दोष धरायचा की या स्टाईलमध्ये चालतं? तुम्ही मार्क कसे देता?

माल्टवेडा: कॅरॅमल तर हवंच, क्रिस्टल माल्टमुळे (मोड आणून भाजलेल्या बार्लीमुळे) येतं ते, पण त्याच्या जोडीला हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) पाहिजेत, कॅस्केड जातीसारखे, संत्र्याच्या सालीचा किंवा पाइनचा वास देणारे. कडवटपणा साधारण २५ ते ४० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) आणि अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के असतं. गोडवा चिकटत असेल तर तोल गेलाय, मी तरी मार्क कापतो. आणि एकदम गार पिऊ नका, वास दबतो, ग्लासात दहा मिनिटं ठेवा मग हुंगा.

हॉपप्रेमी: बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या ५० मार्कांत चवीला २०, वासाला १२ आणि रंगरूपाला फक्त ३ असतात, त्यामुळे फेसावर भाळू नका :) बटर पॉपकॉर्नसारखा वास आला तर तो डायअसेटिल या रसायनाचा दोष, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर बिअर जुनी होऊन ऑक्सिडाईज झालीय, म्हणजे ऑक्सिजनमुळे बिघडलीय. बाटलीवरची तारीख बघितली का? जुन्या बाटलीत हॉप्स आधी मरतात आणि मग नुसता गोडवाच पुढे येतो, मला तुमच्या बाटलीचंही तेच वाटतंय.

फेसाळ: तारीख आत्ता बघितली, नऊ महिने झालेत! ताजी मिळवून परत चाखतो.