मदत हवी आहे: घरगुती मसाल्याच्या धंद्याचं मार्केटिंग चॅटबॉटला विचारून करतेय, त्याचं कुठवर ऐकायचं?

उन्हाळकाम

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचून जाते, लिहायची वेळ पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी कराडजवळ राहते आणि गेली सहा वर्षं घरून कांदा-लसूण चटणी, गोडा मसाला आणि मेतकूट करून विकते. (आमच्याकडे मसाल्याला चटणीच म्हणतात, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे यावरनंच घोळ झालाय.) मार्च ते मे तीन महिने घरात पाय ठेवायला जागा नसते, गच्चीवर मिरच्या, हॉलमध्ये मिरच्या, दोन बायका देठ काढायला, आणि मग डंकावर (मसाला कुटायच्या गिरणीत) नंबर लावायचा. गेल्या उन्हाळ्यात १८० किलो चटणी गेली. गिऱ्हाईक सगळं ओळखीतनं, बहिणीच्या सोसायटीत पुण्याला, नणंदेच्या ऑफिसात, असं एकातनं एक. पण जून लागला की फोन थंड. म्हणून यंदा ठरवलं की जरा नीट मार्केटिंग करूया.

भाच्याने फोनमध्ये एआय चॅटबॉट टाकून दिला आणि म्हणाला मावशी याला विचार, हा सगळं सांगतो. सांगतो खरं! मी लिहिलं, माझा कांदा-लसूण चटणीचा घरगुती व्यवसाय आहे, मला मार्केटिंगचा प्लॅन करून दे. तर अर्ध्या मिनिटात ९० दिवसांचा प्लॅन हजर. टप्पा एक, टप्पा दोन, टप्पा तीन. वाचून मला इतकं भारी वाटलं की मी तो प्रिंट काढून फ्रीजवर लावला.

मग हळूहळू एकेक लक्षात यायला लागलं. त्याने चटणी म्हणजे ओली चटणी धरलेली. फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा, इडली-डोशासोबत फोटो काढा. वर्षभर बरणीत टिकते हो आमची चटणी, म्हणून तर करतात! ते दुरुस्त करून सांगितलं तर लगेच माफी मागून नवीन ९० दिवसांचा प्लॅन. त्यात रोज एक रील, आठवड्याला दोन इन्फ्लुएन्सर, स्वतःची वेबसाइट, दर शुक्रवारी ईमेल. ईमेल कोणाला पाठवू, माझ्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या बायका मिस्ड कॉल देऊन ऑर्डर सांगतात.

तरी म्हटलं एखादी गोष्ट करून बघू, म्हणून त्याने सांगितल्याप्रमाणे २,१०० रुपये घालून इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट केली, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवली. ४३ मेसेज आले. सगळे 'प्राइस?' एवढंच विचारणारे. भाव सांगितला की गायब. ऑर्डरी दोन, त्यातली एक नांदेडची अर्धा किलोची, कुरिअरलाच ११० रुपये गेले आणि मी आधी सांगितलं नव्हतं म्हणून ते माझ्याच खिशातनं.

आणि मजकूर तर काय सांगू. 'आमच्या मसाल्यांसोबत चवीच्या अविस्मरणीय प्रवासाला निघा.' हे मी स्टेटसला ठेवलं तर जाऊबाईंचा फोन आला, कुठं निघालीस म्हणून. मेतकुटाला त्याने 'झणझणीत' लिहिलं. शिवाय 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारा, वजन कमी करण्यास उपयुक्त' असंही घातलंय, आणि 'समाधानी ग्राहकांचे अभिप्राय' म्हणून पाच बायकांची नावं आणि गावं घालून कौतुक लिहून दिलंय, ज्या बायका अस्तित्वातच नाहीत!

भावाचं पण विचारलं होतं. सगळं सामान आणि दर दिले तर म्हणाला किलोला ३८० ठेवा, २५ टक्के नफा राहील. मी ६४० ने विकते आणि तरी फार काही उरत नाही, मग हे कसं काय, दोन दिवस मी स्वतःलाच वेडी समजत होते.

तर प्रश्न असे की या चॅटबॉटचा छोट्या धंद्याला खरंच उपयोग होतो का, झाला असेल तर तुम्ही नेमकं काय विचारता? आणि पावसाळ्यात विक्री कशी टिकवायची? 'एजन्सी लावा' सांगू नका, महिन्याचे आठ-दहा हजार देण्याइतका माझा धंदा नाही.

कट्ट्यावरचा

फ्रीजवर लावलेला प्लॅन काढला का अजून आहे?

उन्हाळकाम

आहे. मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब लिहिते.

हिशेबी

ताई, आधी भावाचं बोलतो कारण तिथे तुम्हाला खड्ड्यात घातलं असतं. तुम्ही त्याला कांदा किती किलो सांगितला असेल ते त्याने जसंच्या तसं तयार मालात धरलंय. कांद्यात बहुतेक पाणीच असतं, वाळवून तळला की किलोचा जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम उरतो. लसणाची सालं, मिरचीचे देठ, डंकावर उडतं ते, ही सगळी घट. तुम्हाला ती अंगवळणी पडलीय म्हणून तुम्ही सांगितली नाही, आणि त्याने विचारलं नाही. पुन्हा हिशेब करायला सांगा पण शेवटचं वजन तुमचं द्या, म्हणजे 'एवढ्या सामानातनं एवढे किलो चटणी हातात आली' असं. शिवाय दोन बायकांची मजुरी, डंकाचे पैसे, गॅस, पिशव्या, आणि तुमची स्वतःची मजुरी. ही शेवटची कोणीच धरत नाही, माझ्याकडे येणारे दुकानदार पण धरत नाहीत. आणि बेरीज शेवटी कॅल्क्युलेटरवर तपासा, हे बॉट शब्दांत जेवढे पक्के तेवढे आकड्यांत नसतात.

दुसरं, तो वजन कमी आणि प्रतिकारशक्तीवाला मजकूर कुठे टाकला असेल तर आजच काढा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. घरगुती आहे म्हणून सूट नाही. तुमची एफएसएसएआयची (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे ना? १४ आकडी नंबर लेबलवर हवा.

उन्हाळकाम

नोंदणी आहे दादा, नंबर पण छापलाय. ते वजन कमीवालं फक्त स्टेटसला होतं, २४ तासांत गेलं, वाचले.

दहीबुत्ती

मी ठाण्यात फराळाचं करते, आठ वर्षं झाली, आणि मी बॉट रोज वापरते. पण तुझ्यासारखंच आधी तोंडावर आपटले. चूक कुठे होते सांगू का, आपण त्याला म्हणतो प्लॅन दे, आणि त्याला आपलं काहीच माहीत नसतं, मग तो जगातल्या कुठल्याही धंद्याला चालेल असं काहीतरी देतो. साबण विकणाऱ्याला पण तोच प्लॅन मिळाला असता, बघ विचारून.

तुझ्याकडे ऑर्डरीची वही असेलच. तीच सोनं आहे. मी काय केलं, दोन वर्षांची वही टाइप करून टाकली, तारीख, माल, वजन, गाव आणि गिऱ्हाईक १, गिऱ्हाईक २ असं. नावं आणि फोन नंबर अजिबात टाकायचे नाहीत, लोकांनी ते आपल्याला विश्वासाने दिलेत. मग विचारलं, यातलं कोण परत परत घेतं, कोणी थांबवलं, एकाच गिऱ्हाइकाच्या दोन ऑर्डरींत किती दिवस जातात. मला कळलं की माझी भाजणी घेणाऱ्या बायका दीड महिन्याने परत येतात आणि मी मात्र त्यांना फक्त दिवाळीत मेसेज करत होते! तेव्हापासून दीड महिन्याने एक साधा मेसेज करते, 'भाजणी केलीय, ठेवू का?' बास. कुठली रील न् कुठलं काय.

मजकुराचं म्हणशील तर आधी स्वतः व्हॉइस टायपिंगने बोल, गिऱ्हाइकाशी बोलतेस तसं, आणि त्याला म्हण शुद्धलेखन नीट कर, शब्द बदलू नको. 'शब्द बदलू नको' हे दोनदा सांगावं लागतं. ते पाच अभिप्राय मात्र फेकून दे गं. तुझी खरी गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर काय काय लिहितात, त्यांना विचारून तेच स्क्रीनशॉट लाव.

कट्ट्यावरचा

म्हणजे वही आपली, शब्द आपले, वजन आपलं. मग बॉट करतो काय?

दहीबुत्ती

टाइप केलेल्या ६०० ओळी रात्री अकरा वाजता न कुरकुरता वाचतो. आमच्या घरात एकही माणूस वाचत नाही.

वेंगुर्लेकर

आमचो कोकम-काजूचो धंदो, म्हणून थोडा अनुभव. तुम्ही व्हॉट्सॲप बिझनेस वापरता का साधं? बिझनेसमध्ये कॅटलॉगला भाव टाकून ठेवा, म्हणजे 'प्राइस?' वाल्यांना लिंक दिली की झालं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती यादी) २५६ जण बसतात पण मेसेज त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. पार्सलमध्ये चिठ्ठी टाका, नंबर सेव्ह करा म्हणून.

अजून एक, बॉटने मला 'जीआय मानांकित' (म्हणजे माल त्या ठरावीक भागातला, असं भौगोलिक मानांकन) असं सगळ्या पाकिटांवर लिहायला सांगितलं होतं. कोकमाला मानांकन आहे खरं, पण त्याचा शिक्का वापरायला स्वतःची वेगळी नोंदणी लागते. तुमच्या ब्याडगी मिरचीलाही २०११ पासून जीआय आहे, तर तो तुम्हालाही हे सुचवणारच. तयार राहा.

उन्हाळकाम

सुचवलंय ऑलरेडी! आणि मी तर ब्याडगीत संकेश्वरी आणि थोडी लवंगी घालते, रंगाला एक, तिखटाला एक.

उन्हाळकाम

(नऊ दिवसांनी) मंडळी, आले परत. दोन वर्षांची वही टाइप करायला भाच्याला बसवलं, माझंच अक्षर त्याला लागेना, पण झालं. १४० गिऱ्हाइकं निघाली. बॉटने सांगितलं की ५२ जणांनी दोन्ही वर्षी मे महिन्यात घेतलं आणि मधे काहीच नाही, ते मला माहीत होतंच, वर्षाची चटणी घेतात त्या. पण ३१ जण असे निघाले की जे अर्धा अर्धा किलो दर दोन-अडीच महिन्यांनी घेतात आणि त्यातले २६ पुण्याचे. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीला विचारलं तर म्हणाली अगं दोघंच राहतात, कोणाची पोरं परदेशात, कोणी भाड्याने राहणारी नोकरीवाली, वर्षाची बरणी ठेवणार कुठे.

म्हणजे पावसाळ्यात मी गिऱ्हाईक शोधत होते आणि ते वहीतच होतं. मग पाव किलोच्या पिशव्या केल्या आणि त्या ३१ जणांना माझ्याच शब्दांत मेसेज टाकला, 'ताजी चटणी कुटलीय, शनिवारी पुण्याला बहिणीकडे पाठवतेय, पाव किलो ठेवू का?' १९ जणांनी हो म्हटलं. एसटीच्या पार्सलने एकच गठ्ठा गेला, कुरिअरचा प्रश्नच नाही. बूस्टवर घालवलेले २,१०० आठवून मात्र अजून पोटात कालवतं.

भावाचा हिशेब पण परत केला. हातात आलेल्या वजनावर आणि माझी मजुरी धरून ५९० पडतात किलोला. म्हणजे ६४० मध्ये मी जवळजवळ समाजसेवा करत होते. पाव किलोला १९० ठेवलेत, कोणी कुरकुरलं नाही.

आता शेवटचं विचारते, नवीन लेबलं छापायचीयत. बॉट म्हणतो 'मसाला' लिहा, 'चटणी'ने लोकांचा गोंधळ होतो. पण आमच्या भागातली गिऱ्हाइकं 'मसाला' वाचून विचारतील चटणी बंद केली का. काय लिहू?

हिशेबी

वर मोठ्या अक्षरात कांदा-लसूण मसाला, त्याखाली 'वर्षाची चटणी'. आणि पॅकिंगची तारीख छापू नका, शिक्का मारा, नाहीतर लेबलं उरली की वाया जातील.

दहीबुत्ती

आणि आधी ५० च छाप गं. माझ्याकडे २०१९ ची चकलीची लेबलं अजून आहेत, मुलगा त्यावर गणितं सोडवतो.

कट्ट्यावरचा

ताई, पाव किलो ठाण्याला कसं मिळेल? आणि तो फ्रीजवरचा कागद काढा आता.