मुंबई ते न्यूयॉर्क: तिकिटावर सहा तास, जावई म्हणतात साडेपंधरा

निवृत्त_वाहक, कोल्हापूर
नमस्कार. लेक न्यू जर्सीला असते, जूनमध्ये आम्ही दोघं निघालोय. तिकीट जावयांनी पाठवलंय. मुंबईहून रात्री १:३० ला सुटणार, त्याच तारखेला सकाळी ७:३० ला न्यूयॉर्क. म्हणजे सहा तास. येताना तिथून सकाळी ११:३०, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३०. म्हणजे पुरे चोवीस! हयात एसटीत गेली, वेळापत्रक वाचायला मला शिकवायला नको, पण हे गणित बसंना. अंतर किती? आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, खरे किती तास बसायचं ते आधी कळलं पाहिजे.

उजळाईवाडीकर
काका, वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं. (हिवाळ्यात साडेदहा.) जाताना सहात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा. येताना चोवीसमधून वजा करा, साडेचौदा. जावई बरोबर आहेत.

पंचगंगा_घाट
सरळ अंतर साधारण १२,५०० किमी. येताना तासभर वाचतो तो वाऱ्यामुळं. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो, येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर.

निवृत्त_वाहक
१२,५०० म्हणजे आमच्या सहा किलोमीटरच्या हिशेबानं दोन हजारांवर टप्पे! हाफ तिकीट तरी द्यायचं होतं. आता एक सांगा, नातवानं मोबाईलवर रेघ दाखवली ती पार आइसलँडवरून जाते. मुंबई खाली, न्यूयॉर्कही तेवढं वर नाही. मग वळसा कशाला?

पंचगंगा_घाट
वळसा नाही, तीच जवळची वाट. नातवाचा पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, आपोआप वर सरकतो. सपाट कागदावर तो वाकडा दिसतो. विमान मात्र तंतोतंत त्या रेघेवरून जाईलच असं नाही. वारा बघतात, कुठल्या देशाची हद्द बंद आहे तेही बघतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीच्या फेऱ्या चांगल्याच लांबल्या.

शाहूपुरी_ताई
काकूंसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, वेगळे पैसे पडत नाहीत. जागा वाटेकडेची घ्या, खिडकीचा हट्ट नको. पुढच्या वेळी दुबईमार्गे बघा: १,९०० आणि ११,००० किमी, म्हणजे जेमतेम चारशे जास्त, आणि मध्ये पाय मोकळे होतात. चटणी-भडंग चालेल, मटणाचं लोणचं मात्र नेऊ नका, तिकडं काढून घेतात.

निवृत्त_वाहक
लोणच्याचं मंडळींना तुम्हीच सांगा ताई, माझं ऐकायच्या नाहीत. व्हीलचेअरचं जावयांना आत्ताच कळवतो. मुंबईपर्यंत गाडीनंच जाणार, सकाळी निघतो. कोल्हापूरच्या विमानात एवढ्या बॅगा घेतात का, का वजनाचे वेगळे पैसे?

उजळाईवाडीकर
वेगळे पैसे पडतील. गाडीच बरी. पण सकाळी म्हणजे सकाळीच निघा, दहाला नव्हे.