रेकॉर्डच्या दुकानाने कान घडवले की नुसते खिसे रिकामे केले?

तबकडी

१९८१ च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला कॅलिफोर्नियात आलो. त्याच महिन्याच्या १ तारखेला एमटीव्ही सुरू झाला होता, पण आमच्या खोलीवर केबल नव्हती. समोर रेकॉर्डचं दुकान मात्र होतं. शनिवारी दुपारी तिथे उभं राहून खण चाळायचे, कव्हरं मागून-पुढून वाचून काढायची आणि महिन्याला एकच एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घ्यायची, हा माझा शिरस्ता. एलपी साधारण ८ डॉलर ९८ सेंटला. कॅन्टीनमध्ये भांडी घासायचे मला किमान वेतनाने पैसे मिळायचे, तासाला ३ डॉलर ३५ सेंट. म्हणजे एका एलपीमागे जवळजवळ पावणेतीन तास हात साबणात.

माझं म्हणणं असं, की त्या पावणेतीन तासांनीच मला ऐकायला शिकवलं. १९८२ मध्ये अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' हा अल्बम घेतला. आधीचा 'द रिव्हर' ऐकलेला, त्यामुळे तसाच दणदणीत बँड असेल असं वाटलं. निघाला एकटा माणूस, गिटार, माउथऑर्गन आणि खुन्यांच्या नि कर्जबाजाऱ्यांच्या गोष्टी. पहिल्यांदा ऐकून संतापलो. पण पैसे मोजलेले, महिनाभर दुसरं काही येणार नाही, म्हणून पुन्हा लावला. आठ-दहा वेळा तरी. मग एका रात्री तो उमगला, तो आजवर सुटलेला नाही. आजच्यासारखं सगळं फुकट हाताशी असतं, तर अर्ध्या मिनिटात पुढे सरकलो असतो. दुकान गेलं, त्याबरोबर ही ऐकण्याची रीतही गेली, असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय मत?

कोरी कॅसेट

घोर असहमत. आणि उदाहरणही नेमकं तुमच्याच विरुद्ध जाणारं दिलंत. 'नेब्रास्का' स्प्रिंगस्टीनने घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला. तीच गाणी नंतर बँडबरोबर स्टुडिओत करून पाहिली, मनासारखी होईनात, म्हणून शेवटी ती कॅसेटच एलपीवर चढवली!

मी तेव्हा मुंबईत, कॉलेजात. काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये जाऊन कव्हरं बघायची, एवढीच आमची ऐपत. बाहेरून आलेली एलपी विकत घेणं घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मित्राच्या मामाने आखातातून एसी/डीसी या रॉक बँडचा 'बॅक इन ब्लॅक' आणला आणि त्या एका एलपीवरून वर्गातल्या पंधरा जणांनी कॅसेटी भरल्या. तीही मी पाठ होईपर्यंत ऐकली, एलपीचा एक छदाम न मोजता. म्हणजे कान किमतीने तयार होत नाही. दुर्मीळपणाने होतो, आणि दुर्मीळपणा आमच्याकडे भरपूर होता.

१९८१ मध्ये ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांनी 'घरी कॅसेट भरल्याने संगीत मरतं' अशी मोहीम काढली होती. डेड केनेडीज या पंक बँडने त्यावर आपल्या कॅसेटची एक बाजू कोरीच ठेवली आणि वर छापलं की ही तुमच्या भरण्यासाठी. माझं टोपणनाव तिथून आलंय. कॅसेटने रॉक आमच्या घरात आणलं, दुकानाने नाही.

काउंटरमागून

न्यू जर्सीत तीन वर्षं अशा दुकानात काम केलंय, १९८२ पासून. तबकडी, ज्या ८.९८ ने तुम्हाला ऐकायला शिकवलं, तो आकडा टिकला रॉक गायक टॉम पेटीमुळे. १९८१ मध्ये एमसीए कंपनीला त्याचा 'हार्ड प्रॉमिसेस' एक डॉलर चढवून ९.९८ ला विकायचा होता. तो अडून बसला, अल्बमचं नावच 'आठ अठ्ठ्याण्णव' ठेवीन म्हणाला, तेव्हा कंपनी नमली. कव्हरवर तो उभा आहे तोही रेकॉर्डच्या दुकानातच. किंमत वाढवणाऱ्यांना तुमच्या कानांची फिकीर नव्हती.

दुकानातल्या भिंतीवर लावलेल्या क्रमवारीवरही फार विश्वास ठेवू नका. ही क्रमवारी छापणाऱ्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकासाठी दुकानांना विचारलं जायचं, या आठवड्यात काय खपतंय? आम्ही सांगू ते. बारकोडवरून खरी विक्री मोजली जायला १९९१ उजाडलं. 'द पोलीस' या बँडचा 'सिंक्रोनिसिटी' १९८३ मध्ये १७ आठवडे पहिला होता, तो खरोखर हातोहात जात होता, शंका नाही. पण एकदा आमच्या मालकाने, कंपनीच्या माणसाने फुकट एलपींचा गठ्ठा ठेवल्यावर, धूळ खात पडलेला एक अल्बम मला पाचव्या क्रमांकावर सांगायला लावला. मी सांगितला. अजून टोचतं.

दुकानातली खरी शाळा होती ती कोपऱ्यातली कट-आउटची पेटी. कंपनीने यादीतून काढून टाकलेल्या एलपी, कव्हरचा कोपरा छाटलेला किंवा भोक पाडलेलं, दोन डॉलरच्या आत. तिथे कुणी काही खपवत नव्हतं. ज्याला खरंच ऐकायचंय तो तिथे गुडघे टेकून बसायचा.

नॉटिंग हिल

तुम्ही तिघेही मोठ्या कंपन्यांबद्दलच बोलताय. मी त्या वर्षांत लंडनमध्ये होते. १९७६ मध्ये केन्सिंग्टन पार्क रोडवर रफ ट्रेड नावाचं दुकान निघालं. त्या दुकानातूनच पुढे लेबल, म्हणजे रेकॉर्डी काढणारी कंपनी, आलं, लहान बँडच्या रेकॉर्डी देशभर पोचवणारी वितरणाची साखळी आली. लेबलवर नफा कलाकाराबरोबर अर्धाअर्धा वाटला जायचा. १९८० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये स्वतंत्र लेबलांची वेगळी क्रमवारी सुरू झाली, तिच्यामागे अशा दुकानांचं बळ होतं.

सगळी दुकानं गोड नव्हती. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने मला एलपी देण्याआधी गिटारवादकाचं नाव विचारलं, माझ्यापुढच्या मुलाला नाही विचारलं. पण म्हणून दुकानाला निकालात काढणार नाही. कोरी कॅसेट, एसी/डीसीचं तुमच्या पंधरा कॅसेटींनी काही बिघडलं नाही. हजार प्रती छापणाऱ्या बँडचं असं केलं असतं, तर दुसरी रेकॉर्ड निघालीच नसती.

तबकडी

पेटीचा मुद्दा मान्य, किंमत मी उगाच डोक्यावर घेतली. दुकान मात्र सोडत नाही. 'बॅक इन ब्लॅक'चं कव्हर काळं कुळकुळीत आहे, कारण १९८० च्या फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला आणि तो अल्बम त्याचं सुतक पाळतो. पुठ्ठा हातात घेतला की हे कळतं. कॅसेटीच्या चौथ्या प्रतीवर यातलं काय उरतं?

कोरी कॅसेट

नॉटिंग हिल, छोट्या बँडचं पटलं. पण ज्या रेकॉर्डी मुंबईत मी कधी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत, त्या भरून घेतल्या असत्या तर कुणाच्या तोंडचा घास काढला असता?

तबकडी, कव्हर मी पाहिलं होतं. कॅसेट भरायला पाऊण तास लागला, तेवढा वेळ तो पुठ्ठा माझ्या मांडीवर होता. घरी येऊन कॅसेटच्या आतला कागद मी दौतीतल्या काळ्या शाईने पूर्ण भरून काढला. नावापुरतीसुद्धा जागा सोडली नाही.