पनिहारला शिळा हवी की नको?

लष्करवाला: दर २९ डिसेंबरला मी ग्वाल्हेरहून शिवपुरी रस्त्यानं पनिहारला जाऊन येतो. १८४३ साली त्या एकाच दिवशी पनिहार आणि महाराजपूर, दोन्हीकडे ग्वाल्हेरच्या शिंद्यांची फौज इंग्रजांशी लढून हरली. फुलं नेतो, पण वाहायची कुठे? इंग्रजांनी आपल्या तोफा वितळवून शिपायांना पदकं वाटली, कोलकात्यात हुगळीकाठी स्वतःच्या माणसांचं स्मारक बांधलं. आपल्या दोन्ही गावांत निदान एकेक स्मारकशिळा नको?

जनकगंज: आणि तिच्यावर लिहिणार काय? महाराजपूरला इंग्रजांचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून ७९७, माणूस न् माणूस मोजलेला. आपल्यांचा नुसता अंदाज, तोही त्यांनीच बांधलेला. नावं नसली की शिळेवर ठळक उरतं ते उद्घाटकाचं.

लष्करवाला: बहुतेक वीरगळांवर तरी नाव कुठे असतं? खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग. तरी गावं शेंदूर लावतातच ना?

जनकगंज: शेंदूर लावणारे त्याच गावचे असतात, साहेब. तुम्ही वर्षातून एकदा गाडीनं जाणार. उरलेले ३६४ दिवस?

शिंदेछावणी: मला तो 'आपले' शब्द खटकतो. राज्य मराठ्यांचं होतं, पण फौजेत उत्तरेकडचे शिपाई भरपूर. महाराजपूरला गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथेच कापले गेले, हे शत्रूनंच लिहून ठेवलंय. ते सगळे काय मराठी बोलत होते? शिळा बसवायचीच तर मजकूर हिंदीत हवा, गावातल्या पोरांना वाचता येईल असा. मराठी खाली, बारीक.

लष्करवाला: बारीक का म्हणून?! बरं, शेजारी शेजारी. चालेल.

मुरारची सून: आमच्याकडे कामाला येते तिचा भाऊ फौजेत होता, गेला. भिंडकडे गावानं शाळेसमोर पुतळा बसवला, हार, बँड, सगळं झालं. वहिनी पेन्शनच्या एका कागदासाठी दोन वर्षं खेटे घालत होती. सोबत जायला पुतळ्याच्या कमिटीतला एकही नाही. दगडासाठी वर्गणी पटकन जमते हो.

लष्करवाला: ताई, एकानं दुसरं अडतं का?

मुरारची सून: अडत नाही. पण दगड बसला की लोकांना वाटतं, झालं आपलं काम.

जनकगंज: हेच म्हणतोय मी. वर्गणी मागू नका. २९ तारखेला गाडीत जागा असेल तर मात्र कळवा.