मदत हवी: रिसीव्हर फंक्शनमध्ये मोहो उलटा येतोय (सोमवारी सबमिशन!!)

त्रस्त_एमएस्सी: दोन आठवडे डोकं आपटतोय. रिसीव्हर फंक्शनने, म्हणजे लांबच्या भूकंपांच्या लाटांवरून, स्टेशनखालच्या कवचाची जाडी काढायचीय, कोड चालतो, एरर नाही, पण मोहोचा (कवचाच्या तळाचा) आलेखातला पीक वर यायचा तो खाली जातोय. फिल्टर बदलून झाले, काही फरक नाही. लवकर सांगा प्लीज.

बसाल्टवाला: स्टेशन कुठलं, भूकंप किती लांबचे, काहीच लिहिलं नाहीस. कोयनेचेच धक्के घेतले नाहीस ना?

त्रस्त_एमएस्सी: तेवढं कळतं हो. स्टेशनपासून 30 ते 90 अंश लांबचेच आहेत, इंडोनेशिया नि जपान. स्टेशन साताऱ्याकडे, दख्खन ट्रॅपच्या बसाल्टवर.

सह्याद्रीपुत्र: मग ट्रॅपखाली मऊ थर असणार. खाली लाटांचा वेग कमी झाला की पीक उलटाच येतो.

बसाल्टवाला: कोयनेच्या एका बोअरमध्ये 933 मीटरवर बसाल्ट संपून थेट ग्रॅनाइट लागलाय, मऊ थर कुठून आणलात? असला तरी पी-लाट (भूकंपाची पहिली लाट) पोचल्यावर पहिल्या सेकंदा-दोन सेकंदांत दिसेल, मोहो चार-पाच सेकंदांवर येतो.

लातूरकर: 30 सप्टेंबर 93, विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. या लाटांवरून पुढचा भूकंप आधी कळेल का?

लव्हवेव्ह: रिसीव्हर फंक्शनचा नाद सोड, सरफेस वेव्ह (पृष्ठभागालगतच्या लाटा) घे. लिथोस्फीअरचा (कवच धरून वरच्या कडक थराचा) तळ पी-लाटेच्या रिसीव्हर फंक्शनमध्ये दिसणं मुश्कील, तिथे मोहोचेच मल्टिपल (थरांत आपटून उशिरा येणाऱ्या लाटा) लुडबुडतात.

बसाल्टवाला: त्याला मोहो हवाय, तळ नकोय!

बर्गेनकर: शून्य सेकंदाचा, पी-लाटेचा पहिला पीक वर आहे का? आणि टी कंपोनंटवर (भूकंपाच्या दिशेला काटकोनातल्या हालचालीवर) काही दिसतं?

त्रस्त_एमएस्सी: तोपण खाली आहे, मला वाटलं तसंच असतं. टी वर जपानच्या वेळी बरंच काही दिसतं, तो नॉइज समजून सोडला.

बर्गेनकर: मग जमिनीला कशाला बोल लावता. आडव्या नोंदी भूकंपाच्या दिशेप्रमाणे रोटेट करताना बॅक अझिमथ द्यायचा, म्हणजे स्टेशनवरून भूकंपाकडे बघायचं. तू भूकंपावरून स्टेशनकडे बघतोयस बहुतेक, म्हणून रेडियल (भूकंपाच्या दिशेतली हालचाल) उलटा. जपानला दोन्हींतला फरक नीट 180 येत नाही, उरलेलं टी वर सांडतं.

त्रस्त_एमएस्सी: बापरे, खरंच अझिमथ दिला होता 🤦 सुलटा आला! 4.6 सेकंद. सिनियर म्हणाला 8.5 ने गुण, म्हणजे 39 किमी ना?

बसाल्टवाला: व्हीपी/व्हीएस (पी आणि एस लाटांच्या वेगांचं गुणोत्तर) किती धरलंय? ते 0.1 ने वाढलं की जाडी चार-साडेचार किमीने कमी येते.

त्रस्त_एमएस्सी: ते पण धरायचं असतं?

लव्हवेव्ह: म्हणून म्हणत होतो, सरफेस वेव्ह घे.